बघू की

रात्री पावणेदहाला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या सगळ्यात धाकट्या ज्युनिअरचा मेसेज आला. 'वटमुखत्याराच्या उलटतपासाचे मुद्दे कुणाकडं आहेत का? उद्या अकराला आहे.' वटमुखत्यार म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी घेऊन मालकाच्या वतीनं उभा राहणारा. मी ओटा पुसून नुकतीच गॅलरीत येऊन बसले होते. रंकाळ्याकडनं गार वारं येत होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी सुक्क्या बांगड्याला फोडणी घातली होती, आणि फोन मांडीवर ठेवून मी नुसती बघत राहिले. पाच मिनिटांत चार फायली आल्या. एक वर्डची, एक आडवी स्कॅन झालेली. तिसरा हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो होता, त्याच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. चौथी तर बक्षीसपत्र रद्द करून मागण्याच्या दाव्याची, म्हणजे विषयाशी तिचा काही संबंध नाही, पण पाठवणाऱ्याचं मन मोठं. पोरीनं चौघांनाही हात जोडले. मग मी लिहिलं, 'सॉफ्टवेअरमध्ये आहे. शोध.' माझ्या मेसेजला एक अंगठा आला. कुणाचा, तर तिचाच.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याच्या कोर्टात जिन्यावर भेटली. बँड गळ्यात, काखेत फाईल, कपाळावर घाम. म्हणाली, "मॅडम, शोधलो की मी. न्हाई गावलं." मी घाईत होते, किंवा घाईत आहे असं दाखवलं. "नीट शोध," म्हणाले आणि वर गेले.

ते 'नीट शोध' त्या दिवसापासून माझ्या घशात अडकलंय.

ते सॉफ्टवेअर ऑफिसात आणलं मी, म्हणून त्याची चांगली-वाईट जबाबदारी माझ्यावरच. पण खरं तर ते आणलं पंचगंगेनं. ऑगस्ट 2019. आमचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. तो आकडा कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला पाठ असतो, आणि त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा जो वास आला तो मी अजून कुठं घेतलेला नाही. नदीचा गाळ, कुजलेला पुठ्ठा, शाई आणि कसलंतरी आंबलेपण. खालच्या दोन फळ्यांवरची बासनं फुगून मांडणीतच रुतून बसली होती. पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळे, साहेबांसकट, म्हणजे आमच्या सीनिअर वकिलांसकट, वकिली सोडून इस्त्रीवाले झालो. वर्तमानपत्रात एकेक पान ठेवायचं, वरनं हलकी इस्त्री फिरवायची, दोरीला चिमट्यानं अडकवायचं. छापील मजकूर टिकला होता. कैफियत, दावा, सातबारा, फेरफार, सगळं पुसट का होईना वाचता येत होतं, आणि नाहीच आलं तर कोर्टातनं नक्कल काढता आली असती. गेलं ते समासातलं. साहेब अजून शाईच्या पेननं लिहितात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी दाव्याच्या कडेला जे जे टिपून ठेवलं होतं, 'हा साक्षीदार तारखांना कच्चा', 'इथं थांबायचं, पुढं विचारायचं नाही', ते सगळं निळं पाणी होऊन पानभर पसरलं होतं. त्याची नक्कल कुठल्या कोर्टात मिळणार? साहेब एक पान उजेडात धरून बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काय लिहिलं होतं मी?" आणि ते पान त्यांनी आमच्याकडं न देता स्वतःच दोरीला लावलं.

त्या पानामुळं मी सॉफ्टवेअरच्या नादाला लागले. सगळ्या फायली स्कॅन, सगळे नमुने एका जागी, कुठल्याही मुद्द्यावर आपल्या ऑफिसनं आधी काय लिहिलंय, काय विचारलंय, कोर्टानं काय म्हटलंय ते एका शोधात हजर. मी त्याआधी सहा वर्षं मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये होते. तिथं या कामाला वेगळी माणसंच होती. ते खटले चालवायचे नाहीत, फक्त फर्मला जे जे कळलंय ते नीट लावून ठेवायचे. मला वाटलं, तेच इथं, जरा लहान प्रमाणात.

तिथलं एक मी विसरले होते, किंवा सोयीनं बाजूला ठेवलं होतं. तिथंही ते फारसं कुणी भरत नसे. मोठ्या फर्ममध्ये वकिलाचा दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात, तासाचे दहा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा कुठल्यातरी पक्षकाराच्या बिलावर चढला पाहिजे. आपण शिकलेलं दुसऱ्यासाठी लिहून ठेवायला लागणारा तास कुणाच्या बिलावर चढवणार? तो आपल्याच झोपेतनं जायचा. वर्षाअखेरीला बढती ठरायची ती बिलावर चढलेल्या तासांवर, लिहून ठेवलेल्या टिपणांवर नव्हे. मग लोक काय करायचे? शेजारच्या केबिनच्या दारावर टकटक करायचे. 'तू मागच्या वर्षी केलंस ना असलं?' दोन मिनिटांत काम. लाखो रुपयांची ती व्यवस्था आपली कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघत बसलेली. मला वाटायचं, कोल्हापुरात बिलाचे तास नाहीत, फी प्रकरणावर नाहीतर तारखेवर ठरते, तेव्हा हा रोग आपल्याकडं येणार नाही.

सॉफ्टवेअर आलं. त्याच्याबरोबर पुण्याहून एक गोरा, हसरा पोरगा शिकवायला आला. शनिवारी दुपारी, पोहे-चहा ठेवून. पडद्यावर चौकोन, बाण, ढग. प्रत्येक कागद आत घालताना नऊ रकाने भरायचे: न्यायालय, तालुका, प्रकरणाचा प्रकार, कलम, मुद्दा, उपमुद्दा, निकाल, वर्ष, कर्ता. भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सगळे माना डोलवत होते. शेवटी त्यानं विचारलं, "मग सोमवारपासून वापरणार ना सगळे?" आणि आमच्या ऑफिसनं एका सुरात उत्तर दिलं, "बघू की."

पोरगा खूश होऊन पुण्याला गेला. त्याला कोण सांगणार की कोल्हापुरात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. उसने पैसे मागा, पोरीला स्थळ सुचवा, जेवायला थांबा म्हणा, उत्तर एकच. त्यातला 'की' जरा लांबवला तर थोडी आशा असते. तोडून म्हटला की विषय संपला. त्या शनिवारी सगळ्यांनी तोडून म्हटला होता.

तीन महिन्यांनी मी आत डोकावले तर 412 कागद होते. वा, म्हणून छाती फुगली. मग यादी उघडली. उपमुद्दा: इतर. मुद्दा: इतर. प्रकार: इतर. एका महाभागानं तालुक्याच्या जागीही 'इतर' निवडलं होतं. कायद्यानं नऊ रकाने भरले होते आणि सापडण्यासारखं एकही नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशाच्या तोंडानं? सकाळी अकरा ते पाच कोर्टात उभा राहिलेला पोरगा संध्याकाळी सातला पक्षकार समोर बसलेला असताना 'उपमुद्दा' काय निवडतोय. मी ते नऊचे तीन रकाने करून घेतले. त्यासाठी कंपनीशी पाच महिने पत्रव्यवहार झाला, तो एक वेगळा दावाच होईल. थोडा फरक पडला. थोडाच.

त्या काळात मी बरंच वाचून काढलं. 1989 साली फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं मांडलेलं एक गणित या विषयात सगळीकडं भेटतं: माणूस नवं यंत्र हाती घेतो की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, त्याला ते उपयोगाचं वाटतं का आणि सोपं वाटतं का. मी आमच्या एकेकाला धरून विचारलं. उपयोगाचं आहे? "व्हय, आहे की." सोपं आहे? "आता सोपंच आहे की, मॅडम." मग वापरत का नाही? "बघू की." दोन्ही प्रश्नांना होकार आणि पेटी बंद. पेटी हा साहेबांचा शब्द. संगणक, स्कॅनर, सॉफ्टवेअर, मी, आम्ही सगळे मिळून 'ती पेटी'.

साहेबांचा नकार मला कळत होता, कारण त्याला कारण होतं. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं चार जणांना दिसेल अशा जागी ठेवायचं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. पुरावा कायद्याचं जुनं 126 वं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 132 वं, त्यांच्या लेखी कलम नाही, सोवळं आहे. ते बरोबरच होतं. म्हणून नावं, गट नंबर, गावं काढून टाकायची पद्धत बसवली. मग म्हणाले, "गाव काढलंस तर त्यात राहिलं काय?" तेही बरोबरच. आमच्याकडं वाटपाचा दावा म्हणजे नुसता कायदा नसतो. करवीरमधली भाऊबंदकी वेगळी, चंदगडमधली वेगळी.

अण्णांचा नकार मात्र मला कित्येक दिवस कळला नाही. अण्णा आमचे क्लार्क. मी शाळेत होते तेव्हापासून ते या ऑफिसात आहेत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि काखेत ती लांब वही, जुन्या जमाखर्चाच्या वहीसारखी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारखा त्यात असतातच, त्या तर आता मोबाईलवरही दिसतात. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर नंबर आहे, तो घातला की पुढची तारीख घरबसल्या कळते. अण्णांच्या वहीत त्याच्या पलीकडचं असतं. कुठल्या पक्षकाराला आदल्या दिवशी फोन केला तरच तो येतो. कुणाचा फोन त्याच्या सुनेकडं असतो. कुठल्या म्हाताऱ्याला तारीख बाजाराच्या दिवशी आली तर कोर्टही जमतं आणि बैल विकायचंही जमतं. कुठल्या गावचा जुना फेरफार कुठल्या कचेरीत कुठल्या कपाटात गेलाय. बेलिफानं नोटीस लावून यायची तर गल्लीत कुणाला विचारावं. हे कुठल्या रकान्यात घालणार? 'उपमुद्दा: सून'?

एका संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही टायपिंग करू नका. तुम्ही नुसतं सांगा, मी घालते आत." त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरनं बघितलं. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेसातला ऑफिस रिकामं झाल्यावर स्वतःच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि वही उघडली. त्यानंतर महिनाभर आमची ती बैठक चालली. अण्णा बोटानं ओळ धरून सांगायचे, मी बडवत जायचे. समोरच्या दुकानातनं चहा यायचा, गूळ बाजाराकडनं येणाऱ्या रिकाम्या ट्रकांचा खडखडाट व्हायचा, आणि अण्णा तीस वर्षांपूर्वीच्या एका बांधाच्या भांडणाचं असं वर्णन करायचे की मी टाईप करायचं विसरायचे. मधेच एखादं पान आलं की ते तळवा आडवा ठेवायचे. "हे ऱ्हाऊ दे." मी विचारायचे नाही. असं एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्या की सहाव्या वेळी ते स्वतःच म्हणाले, माझ्याकडं न बघता, "समदं त्यात घातलं, तर मग मला फोन कोण करणार, बाळ?"

त्या दिवशी मी लवकर निघाले.

माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं. दिवाळी उलटली की आम्ही पोरं तिकडंच. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडांचा चेचलेला चीक घालायचे, काळपट मळी वर यायची, ती झारीनं काढून टाकायची. चुलवाणाशी जळव्या चिपाड सारत बसलेला, आणि काहिलीशी गुळव्या. गुऱ्हाळावर मालकाची सत्ता चालत नाही, गुळव्याची चालते. पाक कधी आला, काहील कधी उतरायची, हे फक्त तो सांगणार. दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर काळा आणि कडू. आमचा गुळव्या फेसाचा रंग बघायचा, बुडबुड्याचा आवाज ऐकायचा, मग थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायचा आणि ती पातेल्यावर आपटायचा. टण्ण वाजली की काहील खाली. एका वर्षी मामानं कुठूनतरी लांब दांड्याचा थर्मामीटर आणला. 118 अंशांच्या आसपास पाक येतो असं त्याला कुणी सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. आम्हाला वाटलं गुळव्या आता चिडणार. तो चिडला नाही. त्यानं आपल्या पद्धतीनं फेस बघितला, गोळी वळली, आपटली, काहील उतरवायला सांगायच्या आधी मामाला म्हणाला, "बघा बरं, त्याला कळलंय का." थर्मामीटरनं 117 दाखवलं. गुळव्या म्हणाला, "हुशार हाय." आणि तेवढ्यावर त्याचं थर्मामीटरशी असलेलं नातं संपलं. दुसऱ्या वर्षी मी मामाला विचारलं, तुम्ही गुळव्याला विचारून सगळं लिहून का घेत नाही? मामा हसला. "विचारलं हुतं. म्हनला, बघू की."

आता आमच्या पेटीचे दिवस कसे पालटले ते सांगते, कारण त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. एका रात्रीत 302 चं 103 झालं, 420 चं 318. ज्या साहेबांना शिव्यासुद्धा कलमांत देता यायच्या, ते कागद हातात घेऊन पोरांना विचारायला लागले, "फसवणुकीला काय रे आता?" सगळ्यात मोठा घोळ 482 चा. जुन्या संहितेत 482 म्हणजे गुन्हा रद्द करून मागायला हायकोर्टाकडं जायचं कलम, नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी 438 होता, आणि जुनं 482 गेलं 528 वर. साहेब म्हणायचे "482 चा अर्ज कर," आणि ज्युनिअर विचारायचा, "कुठला 482, साहेब, तुमचा का आमचा?" कुणीतरी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून पेटीत टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभरात तो ऑफिसातला सगळ्यात जास्त उघडलेला कागद झाला. मग कुणी नव्या कलमांखालचा जामीन अर्ज टाकला, कुणी 65-ब ऐवजी आता 63 व्या कलमाखाली द्यायचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र टाकलं. रकानेसुद्धा नीट भरून. मी नुसती बघत राहिले.

मग मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच. चाळीसहून जास्त वर्षं कोल्हापूरनं जे मागितलं, ज्याच्यासाठी आमच्या आधीच्या पिढीनं मोर्चे काढले, काम बंद ठेवलं, ते 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सहा जिल्ह्यांसाठी. तोवर अपिलाची फाईल म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री फाईल घेऊन बसायचं, सकाळी मुंबईच्या वकिलाच्या हातात द्यायची आणि मागच्या बाकावर बसून ऐकायचं. हायकोर्टातलं मसुद्याचं शहाणपण मुंबईत होतं. आमच्याकडं ते साहेबांकडंही पुरतं नव्हतं. आता आम्हालाच हायकोर्टातलं दुसरं अपील, म्हणजे सेकंड अपील, लिहायचं होतं, दिवाणी संहितेच्या कलम 100 खालचा 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न' आम्हालाच नेमका घडवायचा होता, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं, आणि कचेरीनं काढलेली ऑब्जेक्शन्स निस्तरायची होती. पहिल्या महिन्यात आमच्या पाच जणांनी मिळून त्या ऑब्जेक्शनांची यादी पेटीत केली. कुणाचं कुठं अडलं, कशानं सुटलं. रात्री अकरालाही कुणीतरी आत काहीतरी घालत असायचं. साहेबसुद्धा एकदा म्हणाले, "पेटीत बघ बरं, त्या मुलानं काय लिहिलंय."

मला वाटलं, जिंकलो. मग दिवाळीनंतर ते हळूहळू थंडावलं. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्यातला एक जण दुसऱ्या अपिलात तयार झाला होता. दुसऱ्या ऑफिसचे लोक त्याला विचारायला यायचे, आमचेही त्याच्या टेबलाशी जायचे, तो खुर्ची मागं रेलून समजावून सांगायचा. मनापासून सांगायचा, हातचं न राखता. फक्त आता तो ते पेटीत घालत नव्हता. मी त्याला काही बोलले नाही. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे सारखेच अडाणी होतो, म्हणून उघडं होतं. कुणाकडं दडवण्यासारखं काही नव्हतं. आता त्याच्याकडं होतं. आणि तीन-चार वर्षांत तो स्वतःचं ऑफिस थाटणार, हे त्यालाही माहीत, मलाही, साहेबांनाही. साहेब स्वतः असेच बाहेर पडले होते, त्यांच्या सीनिअरच्या ऑफिसातनं, काखेत नमुन्यांची एक वही घेऊन.

मधल्या मधे एक नवीन भानगड आली, ती म्हणजे पोरं मोबाईलवरच्या एआयला विचारायला लागली. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला, ती गोष्ट मी ऑफिसात दोनदा सांगून झाली. साहेबांना ती फार आवडली. आता कुणी निवाडा काढून आणला की ते पहिलं विचारतात, "पेटीतला आहे का हवेतला?" पेटीला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. पण ते जाऊ दे. मी पुन्हा त्या जिन्यावर येते.

वटमुखत्याराचा उलटतपास. मूळ मालक अमेरिकेत नाहीतर अंथरुणात, आणि साक्षीला उभा राहतो त्याचा मुखत्यार. जो व्यवहार मालकाच्याच माहितीतला आहे त्यावर मुखत्याराला मालकाच्या जागी साक्ष देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या भोजवानी निकालात आहे, 2005 चे रिपोर्ट उघडले की सापडतं, प्रत्येक ज्युनिअरला पाठ असतं. पण साक्षीदाराला त्याच्या तोंडून 'मी तिथं नव्हतो' म्हणायला लावायचं कसं, ते कुठल्याही रिपोर्टमध्ये नाही. आधी त्याला आपण फार माहीतगार आहोत असं वाटू द्यावं लागतं. त्याला गावाचं, घराचं, जमिनीच्या कसाचं विचारावं लागतं, तो खुलतो, मग हळूच 'त्या दिवशी पाऊस होता का हो?' हे मी बारा वर्षांत, बऱ्याच वेळा तोंडघशी पडून, गोळा केलंय. प्रश्नांच्या क्रमासकट. प्रत्येक प्रकरणानंतर त्याच रात्री लिहून काढलेलं.

ते माझ्या लॅपटॉपवर आहे. 'माझं' नावाच्या फोल्डरमध्ये.

पेटीत नव्हतंच. कधीच नव्हतं. मी पोरीला 'आहे, शोध' म्हणाले तेव्हा मला ते आहे असं खरंच वाटत होतं का? रात्री वाटत असावं. सकाळी जिन्यावर ती 'न्हाई गावलं' म्हणाली त्या क्षणाला मला कळलं होतं, आणि तरी मी 'नीट शोध' म्हणाले. चारशे बारा 'इतर'ला हसले, अण्णांच्या तळव्याखालच्या पानांवर मनातल्या मनात चिडले, दुसऱ्या अपिलवाल्याला मनात नावं ठेवली, आणि सहा वर्षं हे फोल्डर असंच. वेळ मिळाला नाही, नावं काढायची राहिली, जरा सुधारून मग घालू. कारणं सगळी तयार होती. खरं कारण मी त्या रात्री स्वतःला विचारलं. ऑफिसात उलटतपासाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघतात. मला ते आवडतं. एवढंच असेल कदाचित. त्या पोरीनं ग्रुपवर सगळ्यांना विचारलं, थेट मला विचारलं नाही, हेही कुठंतरी लागलं असेल.

मागच्या रविवारी बसले. एकतीस फायली निघाल्या. नावं काढली, गट नंबर काढले. गावं ठेवली, साहेबांचं ऐकून. दुपारी जेवण झाल्यावर सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. मुद्दा, कलम, कर्ता. कर्त्याच्या रकान्यात आपलं नाव आपणच टाईप करताना थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

सोमवारी अण्णांनी माझ्या टेबलाशी थांबून विचारलं, "काल मोप काय काय घातलंयसा म्हणं आत?" त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. संध्याकाळी ती पोरगी आली. चेहरा उजळलेला, हातात छापून काढलेले कागद, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. "मॅडम, गावलं! सत्तावीस आहेत की. समदं वाचून काढलो." मग जरा थांबून, फाईल छातीशी धरून, "एवढंच हाय, का अजून हाय?"

मी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले.

"बघू की," म्हणाले.